ट्रकच्या सावलीतले ॲव्हरेज

वाचकाचे पत्र: स. न. वि. वि. मी वारज्याला राहतो. नोकरीनिमित्त आठवड्यातून दोनदा माझ्या लहान पेट्रोल मोटारीने खारघरला जातो आणि त्याच दिवशी परत येतो. जाऊन-येऊन साधारण २४० किलोमीटर होतात. द्रुतगती मार्गावर मी ९५ ते १०० च्या वेगाने जात असे आणि गाडी लिटरला १७ चे ॲव्हरेज देत असे. दोन महिन्यांपूर्वी माझ्या मेहुण्यांनी एक युक्ती सांगितली. ७०-७५ ने जाणारा एखादा मोठा कंटेनर गाठायचा आणि त्याच्या मागे आठ-दहा मीटरवर गाडी ठेवून निवांत चालायचे. वारा ट्रक कापतो, आपल्याला आयते मिळते. मी तसे करू लागलो आणि ॲव्हरेज २१ वर गेले. परदेशात ट्रकसुद्धा असेच एकमेकांच्या मागे चिकटून चालतात, असा एक व्हिडिओही मेहुण्यांनी दाखवला. शिवाय खंडाळ्याचा घाट उतरताना मी गाडी न्यूट्रल करतो. माझ्या पत्नीला मात्र हे मुळीच मान्य नाही. ट्रकच्या मागे गाडी लागली की ती डोळे मिटून बसते आणि पुन्हा पुढच्या सीटवर बसणार नाही म्हणते. या दोघांत बरोबर कोण, आणि बचतही व्हावी व धोकाही नको असे नेमके अंतर किती, हे कृपया सांगावे. – एक वाचक, वारजे, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मेहुण्यांनी सांगितलेले विज्ञान खरे आहे, आणि तरीही तुमच्या पत्नीचे डोळे मिटणे अधिक बरोबर आहे. तुमचे ॲव्हरेज १७ वरून २१ वर गेले ते मुख्यतः ट्रकच्या आडोशामुळे गेले, असे मला तुमच्याच आकड्यांवरून वाटत नाही. त्याचे खरे श्रेय ज्याला द्यायला हवे ती गोष्ट तुम्हाला ट्रकशिवायही करता येते. ती कोणती, हे सांगण्याआधी मेहुण्यांच्या बाजूचे जे आहे ते पूर्ण मांडतो, कारण अर्धवट मांडून त्यांना खोटे पाडणे योग्य नव्हे.

मोठे, चौकोनी वाहन वेगाने पुढे जाते तेव्हा ते समोरची हवा दोन्ही बाजूंना व वर ढकलते. ती हवा मागे लगेच मिटून येत नाही. ट्रकच्या पाठीमागे कमी दाबाचा, भोवऱ्यांनी भरलेला एक पट्टा तयार होतो, आणि त्यातली हवा ट्रकबरोबर काही अंशी पुढे ओढली जात असते. त्या पट्ट्यात शिरलेल्या मोटारीला समोरून येणारा वारा कमी वेगाचा लागतो, म्हणून तिच्या इंजिनाला कमी जोर लावावा लागतो. जुन्या पुणेकरांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. सायकलवरून कामाला जाताना पीएमटीच्या बसमागे राहिले की पायडल कसे हलके होते, हे त्यांच्या पायांना ठाऊक होते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतले स्पर्धकही सपाटीवर एकमेकांच्या मागे घोळक्याने राहतात आणि पुढे राहून वारा झेलण्याचे काम आळीपाळीने करतात. बोरघाट लागला की मात्र तो घोळका फुटतो, कारण चढावर वेग इतका उतरतो की वाऱ्याचा प्रश्नच राहत नाही. तिथे आपले वजन आपणच वर न्यायचे असते, आणि म्हणूनच ‘घाटांचा राजा’ हा किताब वेगळा द्यावा लागतो. तुमच्या मोटारीलाही हाच न्याय लागू आहे. घाट चढताना तीस-चाळीसच्या वेगाने कंटेनरमागे चिकटून तुम्ही जवळजवळ काहीही वाचवत नाही, फक्त त्याचा धूर घेता.

या आडोशाची ताकद किती असू शकते, याचे सर्वांत विलक्षण उदाहरण १८९९ सालचे आहे. अमेरिकेत लाँग आयलंडवर चार्ल्स मर्फी या सायकलपटूने धावत्या आगगाडीच्या मागे सायकल चालवून एक मैल अंतर एका मिनिटाच्या आत कापले. त्यासाठी रुळांच्या मध्ये फळ्या अंथरल्या होत्या आणि शेवटच्या डब्याला मागून वाऱ्याचा आडोसा जोडला होता. पण गाडीचा वेग उतरू लागताच सायकल डब्यावर जाऊन आदळली, आणि डब्यावर उभ्या असलेल्या माणसांनी मर्फीला हाताला धरून वर ओढून घेतले म्हणून तो वाचला. पुढचे वाहन थांबू लागते त्या क्षणी मागच्याचे काय होते, हे त्या विक्रमातच दिसून गेले होते. तुमच्या कंटेनरच्या मागच्या दारावर तुम्हाला ओढून घ्यायला कोणी उभे नसते.

मोटारीपुरते बोलायचे तर २००७ साली अमेरिकेतल्या एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर वेगाने ट्रकमागे मोटार चालवून इंधन मोजले होते. शंभर फुटांवर, म्हणजे सुमारे तीस मीटरवर, ॲव्हरेज ११ टक्के सुधारले. वीस फुटांवर २७ टक्के, आणि दहा फुटांवर ३९ टक्के. मात्र आणखी जवळ, दोन फुटांवर गेल्यावर हा आकडा वाढण्याऐवजी २८ टक्क्यांपर्यंत खाली आला, कारण इतक्या जवळ चालकाला सारखे ॲक्सिलरेटर सोडावे आणि दाबावे लागत होते. हा टीव्हीवरचा प्रयोग होता, प्रयोगशाळेतला नव्हे. तरी दिशा बरोबर आहे. मेहुण्यांना हे आकडे जरूर सांगा. त्यांच्या बाजूचे याहून जास्त मला काही सापडत नाही. पण त्या प्रयोगात ट्रकचालकाला मागे कोण आहे हे माहीत होते, तो ठरलेल्या वेगाने जात होता आणि रस्ता मोकळा होता. कामशेत ते खालापूर या टप्प्यात या तिन्हीपैकी एकही गोष्ट तुमच्या हातात नाही.

आता तुमच्या स्वतःच्या आकड्यांकडे येतो. पूर्वी तुम्ही ९५ ते १०० ने जात होता, आता ७० ते ७५ ने जाता, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिले आहे. पण सगळी गोम तिथेच आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग १०० वरून ७५ वर आणला की तो विरोध जवळजवळ ४४ टक्क्यांनी कमी होतो, मग समोर ट्रक असो वा नसो. टायर रस्त्यावर फिरताना होणारा विरोध वेगाबरोबर फारसा बदलत नाही, त्यामुळे दोन्ही मिळून इंजिनावरचा एकूण भार तुमच्यासारख्या लहान मोटारीत साधारण तिसऱ्या हिश्श्याने उतरतो, असे हिशेबाने निघते. इंजिन कमी भारावर तितकेसे काटकसरीने चालत नाही, म्हणून पेट्रोल तेवढ्याच प्रमाणात वाचत नाही. तरीही १७ चे २१ व्हायला पेट्रोल फक्त १९ टक्के कमी लागले पाहिजे, आणि तेवढे केवळ वेग उतरवल्यानेही सहज होऊ शकते. मेहुण्यांनी तुम्हाला ट्रकच्या मागे लावले आणि ट्रकने तुम्हाला सावकाश चालायला लावले. बचत बव्हंशी सावकाश चालण्याची आहे, पण तिचे श्रेय ट्रकला गेले.

या बचतीचे पैसे किती, तेही एकदा मांडू. २४० किलोमीटरला पूर्वी १४ लिटरांहून थोडे जास्त पेट्रोल लागत होते, आता साडेअकराच्या आत लागते. फरक पावणेतीन लिटरांचा, म्हणजे पुण्यात पेट्रोल शंभरीपार गेल्यानंतरच्या भावाने एका फेरीमागे २८० रुपयांच्या आसपास. द्रुतगती मार्गावरचा मोटारीचा एका बाजूचा पथकर २०२३ साली ३२० रुपये झाला. त्याहूनही ही रक्कम कमी आहे. महिन्याचे दोन-सव्वादोन हजार होतात हे खरे, आणि मध्यमवर्गीय घरात ते नगण्य नसतात, हेही मला कळते. पण यातले बहुतेक पैसे ट्रकपासून लांब राहूनही तुमच्याच खिशात राहणार असतील, तर त्या आठ मीटरांसाठी तुम्ही नेमके काय मोजता, हे पाहायला हवे.

ताशी ७५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २१ मीटर. आठ मीटरांचे अंतर तुम्ही सेकंदाच्या चार दशांशांत संपवता. पुढचा ब्रेकचा दिवा लागलेला डोळ्यांना दिसणे, तो मेंदूला उमगणे आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर नेणे, या सगळ्याला सावध माणसालाही एक ते दीड सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गाडी वीस ते तीस मीटर पुढे गेलेली असते. भरलेला ट्रक मोटारीएवढ्या लवकर थांबत नाही, म्हणून आपल्याला वेळ मिळेल, असा युक्तिवाद मेहुणे करतील. ट्रकने ब्रेक लावूनच थांबायचे ठरवले तर तो थोडासा खराही ठरेल. पण एखाद्या ट्रकचे मागचे दिवे चालतच नसतात, आणि ट्रक पुढच्या बंद पडलेल्या वाहनावर आदळून थांबला तर ब्रेकच्या हिशेबाचा काही उपयोगच राहत नाही.

याहूनही मला अधिक भय वाटते ते ट्रक न थांबण्याचे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी जुन्या महामार्गावर कामशेत ओलांडून मी लोणावळ्याकडे जात होतो आणि विटांनी भरलेल्या एका ट्रकच्या मागे आठ-दहा मीटरवर होतो. पेट्रोल वाचवण्यासाठी नव्हे, निव्वळ त्याला ओलांडायची घाई होती म्हणून. आपल्याकडे वाहन बंद पडले की मागे दगड आणि झाडाच्या फांद्या लावून ठेवतात, आणि वाहन दुरुस्त झाले की माणसे निघून जातात, दगड मात्र तिथेच राहतात. असाच एक दगड, साधारण नारळाएवढा, लेनच्या मधोमध होता. ट्रकचालकाने तो लांबून पाहिला असणार, पण त्याला ब्रेक लावायची गरजच नव्हती. त्याने तो दोन चाकांच्या मधून घेतला आणि वेग जरासुद्धा कमी न करता निघून गेला. मला दगड दिसला तो ट्रकच्या मागच्या बंपरखालून बाहेर येताना, आणि दिसला तेव्हा तो माझ्या बॉनेटखाली शिरत होता. खालून एक ठोका ऐकू आला, काही सेकंदांत डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला. गाडी बाजूला घेऊन खाली उतरून पाहिले तर ऑइल चेंबर फुटला होता आणि रस्त्यावर आल्या वाटेने तेलाची काळी रेघ ओढली गेली होती. इंजिन लगेच बंद केले म्हणून तेवढ्यावर निभावले. ट्रकचालकाची यात काही चूक नव्हती. त्याच्या पाठीला चिकटून मी माझ्याच समोरचा रस्ता झाकून घेतला होता.

दगडाच्या जागी आणखी काय काय असू शकते, हे तुम्हीही पाहिलेले असेल. रिमोल्ड टायरची उन्हाने सुटलेली सालपटे, ताडपत्रीतून निसटलेली वस्तू, रस्त्यातला खड्डा. ट्रकची जुळी चाके बारीक खडी उचलून मागे फेकतात, आणि टवका उडालेली मोटारीची काच बदलायला तुमची महिन्याची बचत पुरत नाही. पावसाळ्यात त्याच चाकांनी उडवलेल्या गढूळ फवाऱ्यात वायपर कितीही वेगाने फिरवले तरी समोरचे दिसत नाही. तुम्ही कधी सोलापूर रस्त्याने गेलात तर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या लागतील, कित्येकदा मागे दिवा नसलेल्या. आणि सळयांनी भरलेल्या ट्रकच्या मागे तर कोणत्याही वेगाने, कोणत्याही कारणासाठी जवळ जाऊ नका. शिवाय इतक्या जवळ असताना ट्रकच्या आरशात तुम्ही दिसतच नाही. त्याचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर त्याच्या लेखी तुम्ही रस्त्यावर नाही, आणि जो रस्त्यावर नाही त्याचा विचार करून कोणी ब्रेक लावत नसतो.

मोटार मोटारीवर आदळते तेव्हा दोन्हींचे बंपर साधारण एका उंचीवर असतात. पुढचा भाग चुरडतो, धक्का शोषून घेतो आणि एअरबॅग उघडते. ट्रकच्या हौद्याची मागची कडा मात्र मोटारीच्या बॉनेटच्याही वर असते. बंपर आणि बॉनेट तिच्या खालून निसटून जातात, आणि पहिला खरा आघात काचेच्या उंचीवर, म्हणजे माणसाच्या छातीच्या व डोक्याच्या पातळीवर होतो. हे टाळण्यासाठीच ट्रकच्या मागे खाली एक आडवा लोखंडी बार बसवणे बंधनकारक आहे. पुढच्या वेळी टोल नाक्यावर रांगेत उभे असाल तेव्हा समोरच्या चार-पाच ट्रकांचे हे बार नीट पाहा: कोणाचा गंजलेला, कोणाचा वर वाकलेला, कोणाचा तारेने बांधलेला, आणि कोणाचा जागेवर नसलेला आढळेल. तुमच्या पत्नी डोळे मिटतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर नेमकी तीच कडा असते, कारण शेजारच्या सीटवर स्टिअरिंग नसते आणि लक्ष दुसरीकडे वळवायला काही नसते.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. पुढचे वाहन अचानक हळू झाले किंवा थांबले तरी धडक होणार नाही एवढे अंतर मागच्याने ठेवले पाहिजे, हा नियम १९८९ च्या रस्ते नियमावलीत होता आणि २०१७ च्या वाहनचालन नियमावलीतही आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात मोटार ट्रकच्या मागे दहा ते पंधरा फुटांवरून चालली होती आणि ट्रक एकाएकी थांबल्यावर त्यावर आदळली होती. ट्रक अचानक थांबला, हा बचाव तिथे चालला नाही; एवढे अंतर सुरक्षित नव्हे, असे म्हणून न्यायालयाने निष्काळजीपणा मोटारचालकाचा धरला. ‘त्याने अचानक ब्रेक मारला’ हे वाक्य आपण अपघातानंतर फार विश्वासाने उच्चारतो, म्हणून हे लक्षात असलेले बरे.

मेहुण्यांनी दाखवलेल्या व्हिडिओबद्दल. युरोपात २०१६ साली निरनिराळ्या देशांतून निघालेल्या ट्रकांच्या अशा रांगा रॉटरडॅमपर्यंत चालवून दाखवण्यात आल्या होत्या, आणि इंधन वाचवणे हा त्यामागचा एक हेतू होता. पण ते ट्रक बिनतारी संदेशाने एकमेकांशी जोडलेले होते. पुढच्या ट्रकने ब्रेक लावला की मागच्याला तो दिवा पाहून समजावा लागत नाही; संदेश थेट त्याच्या ब्रेकला जातो आणि दोन्ही वाहने जवळजवळ एकाच क्षणी हळू होऊ लागतात. वर मी जो एक ते दीड सेकंद मोजला, तोच तिथे यंत्राने काढून टाकलेला असतो. तुमच्या आणि कंटेनरच्या मध्ये तसा कोणताही दुवा नाही, त्यामुळे हा व्हिडिओ मेहुण्यांच्या बाजूने फारसा उपयोगी पडत नाही.

घाटात न्यूट्रल करण्याची सवय मात्र आजच सोडा, आणि हे मी सल्ला म्हणून नव्हे तर आग्रहाने लिहितो. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत उतारावर न्यूट्रल केल्याने थोडे पेट्रोल वाचत असे, तिथून ही सवय आली असावी. आजच्या इंजेक्शन इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की पेट्रोलचा पुरवठा जवळजवळ बंद होतो, कारण इंजिनाला चाकेच फिरवत असतात. न्यूट्रल केल्यावर इंजिनाला स्वतःच्या जोरावर चालू राहावे लागते आणि त्यासाठी ते पेट्रोल पिते. म्हणजे बचतीच्या नावाखाली तुम्ही उलट खर्चच करता, आणि शिवाय इंजिनाचा ब्रेक गमावून सगळा भार चाकांच्या ब्रेकवर टाकता. लांब उतारावर ते तापले की पकड सुटते. या प्रकाराची किंमत आपल्या शहराला शिकवायची गरज नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर डिझेल वाचवण्यासाठी जड वाहने न्यूट्रलमध्ये सोडली जातात, हे तिथल्या अपघातांनंतर वारंवार समोर आले आहे, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एकाच वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. वारज्याहून तो पूल तुम्हाला काही लांब नाही. मागून येणाऱ्याने न्यूट्रल करू नये असे तुम्हाला तिथे वाटते, तेच तुमच्या पुढच्याला खंडाळ्यात तुमच्याबद्दल वाटत असणार.

आता तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. बचतही व्हावी आणि धोकाही नको असे अंतर ट्रकच्या आडोशात नाही. जिथे आडोसा दाट आहे तिथे अंतर पुरत नाही, आणि जिथे अंतर पुरते तिथे आडोसा विरून गेलेला असतो. म्हणून ट्रक सोडा आणि वेग धरा. सपाटीवर मोटारीला १०० ची मर्यादा आहे म्हणजे १०० नेच जायला हवे असे नाही. ८० ने गेलात तरी वाऱ्याचा विरोध १०० च्या तुलनेत ३६ टक्क्यांनी कमी असतो, आणि घाटाबाहेरच्या साऱ्या टप्प्याला मिळून दहा-बारा मिनिटे जास्त लागतात. उजवी लेन अर्थातच घेऊ नका. टायरमधली हवा महिन्यातून एकदा, सकाळी टायर थंड असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेल्या आकड्याइतकी आहे की नाही ते तपासा. छपरावर रिकामा कॅरिअर असेल तर काढून ठेवा. आणि या वेगाला काचा उघड्या ठेवून एसी वाचवण्याच्या फंदात पडू नका.

ॲव्हरेज मोजताना डॅशबोर्डवरच्या क्षणाक्षणाला बदलणाऱ्या आकड्यावर विसंबू नका, आणि जाहिरातीतल्या आकड्याशीही तुलना करू नका. आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या नावाने जो आकडा सांगितला जातो, तो प्रयोगशाळेत चाके रोलरवर फिरवून, ठरावीक क्रमाने वेग कमी-जास्त करत काढलेला असतो. त्यात खंडाळ्याचा घाट नसतो आणि वाकडचा वाहतूक खोळंबाही नसतो. एकाच पंपावर टाकी भरा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबा, ट्रिपमीटर शून्यावर आणा, आणि चार फेऱ्यांनंतर त्याच पंपावर त्याच पद्धतीने पुन्हा टाकी भरून भागाकार करा. दोन आठवडे ट्रकपासून दूर राहून ८० ने चाला आणि आलेला आकडा मेहुण्यांपुढे ठेवा. २१ नाही आला आणि २० आला, तर त्या एका किलोमीटरची किंमत २४० किलोमीटरच्या फेरीमागे अर्ध्या लिटराहून थोडी जास्त, म्हणजे साठेक रुपये आहे.

आणि पुढच्या फेरीला शक्य असल्यास पत्नीला सोबत न्या. पुढच्याच सीटवर बसवा आणि अंतर मोजण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. पुढच्या वाहनाचे मागचे चाक रस्त्याकडेच्या एखाद्या खांबाशी आले की त्यांनी मोजायला सुरुवात करावी: एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन. तिसरा आकडा पूर्ण होण्याआधी तुमची गाडी त्या खांबाशी पोहोचली, तर तुम्ही जास्त जवळ आहात. पाय थोडा सैल सोडा आणि पुढच्या खांबाला पुन्हा मोजा. ८० च्या वेगाला हे अंतर सत्तर मीटरांच्या आसपास भरते. मध्ये कोणी दुसरी गाडी घुसवेल, हे मलाही माहीत आहे; घुसू द्या आणि तिच्या मागे पुन्हा मोजा. पाऊस असेल, किंवा पहाटे लोणावळ्यात धुके असेल, तर त्यांना पाचपर्यंत मोजायला सांगा.